झाडपाल्यापासून औषधापर्यंत : आफ्रिकेचा अनुभव आणि आपला सह्याद्री

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर औषधी वनस्पतींच्या संशोधनाच्या बातम्या नेहमी येतात आणि अलीकडे त्यांत आफ्रिकेतील झाडाझुडपांचा उल्लेखही वाढलेला दिसतो. अमुक देशातील एका झाडाच्या सालीने मधुमेह आटोक्यात येतो, तमुक मुळीच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी मरतात, अशा या बातम्या बहुधा दहा-बारा ओळींच्या असतात. त्या छापून आल्या की आपल्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानांतून त्या नावाची चौकशी सुरू होते आणि काही आठवड्यांनी थांबतेही. महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला असे वाटते की, या बातम्यांतून जे सर्वांत महत्त्वाचे असते तेच गळून जाते. आफ्रिकेतील वनस्पती, तेथील रोग आणि तेथील प्रयोगशाळा यांच्या इतिहासातून जे हाती लागले आणि जे निसटले, त्याचा आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा, आजरा आणि चंदगडच्या जंगलांशी फार जवळचा संबंध आहे. म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली, तर विशेषणे काढावीत, आकडे मात्र राहू द्यावेत.

आपल्या अंगणात बारमाही फुलणारी सदाफुली ही मूळची मादागास्कर बेटावरची. साखर उतरावी म्हणून तिची पाने खाण्याची वा काढा घेण्याची पद्धत जमैकापासून फिलिपिन्सपर्यंत अनेक ठिकाणी होती, आणि आजही सकाळी रंकाळ्यावर फेरी मारून आल्यावर चार पाने चावून पाणी पिणारे लोक माझ्या ओळखीत आहेत. कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी १९५० च्या दशकात जमैकाहून आलेल्या या पानांचा अर्क प्रयोगशाळेतील उंदरांना दिला, तेव्हा रक्तातील साखरेवर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. पण अर्क टोचलेल्या उंदरांच्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या आणि ते जंतुसंसर्गाने दगावले. ज्या पदार्थाने पांढऱ्या पेशी घटतात तो रक्ताच्या कर्करोगावर चालेल काय, हा प्रश्न त्यातून निघाला आणि व्हिनब्लास्टिन हाती आले. त्याचेच भावंड असलेले व्हिन्क्रिस्टिन एली लिली या कंपनीच्या संशोधकांनी वेगळे केले. ही दोन्ही द्रव्ये ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतात. पेशीचे विभाजन होताना गुणसूत्रे दोन बाजूंना ओढून नेणारे जे धागे या प्रथिनापासून बनतात ते बनू शकत नाहीत आणि विभाजन अर्ध्यावर थांबते. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारात व्हिन्क्रिस्टिन आजही दिले जाते.

आता या गोष्टीतला आकडा पाहावा, कारण बातमीत तोच नसतो. एक ग्रॅम व्हिनब्लास्टिन मिळवण्यासाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात आणि एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टिनसाठी सुमारे २,००० किलो. प्रौढ रुग्णाला व्हिन्क्रिस्टिनची एका वेळची मात्रा साधारणतः दोन मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत, म्हणजे एका इंजेक्शनमागे चार किलो वाळलेला पाला झाला. हे औषध शिरेतूनच द्यावे लागते आणि मात्रेत चूक झाली तर मज्जातंतूंना इजा होते. रोज चार पाने चावल्याने कर्करोगापासून संरक्षण मिळते, असा मजकूर भ्रमणध्वनीवरून फिरतो, त्याची किंमत या हिशेबावरून वाचकांनीच ठरवावी.

असाच हिशेब ‘अर्काने कर्करोगाच्या पेशी मारल्या’ या वाक्याचाही मांडता येतो. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर दर मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम इतक्या तीव्रतेने एखादा अर्क टाकला आणि निम्म्या पेशी मेल्या, तर शोधनिबंध छापता येतो. माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. तेवढी तीव्रता नुसत्या रक्तात आणायची म्हटली तरी अर्धा ग्रॅम अर्क एकाच वेळी, न बदलता रक्तात हजर हवा. पोटात घेतलेल्या अर्कापैकी शंभरातला एक भाग रक्तात पोहोचतो असे धरले तर पन्नास ग्रॅम अर्क गिळावा लागेल, आणि वाळलेल्या पाल्याच्या दहा टक्के अर्क निघतो असे मानले तर अर्धा किलो पाला. त्यातही यकृत यातले किती फोडून टाकते आणि मूत्रपिंडे किती बाहेर टाकतात, हे मी धरलेलेच नाही. बशीतले असे निष्कर्ष निरुपयोगी असतात असे मी म्हणत नाही, संशोधनाची पहिली पायरी तीच असते. पण पहिल्या पायरीवर उभे राहून कळसाची बातमी देऊ नये, एवढेच म्हणणे आहे.

वनस्पतीतील एका रेणूचा ठाव लागला की तो कुठवर पोहोचतो, याचे माझ्या मते सर्वांत उद्बोधक उदाहरण नायजेरियाच्या आग्नेय भागातील कॅलाबारच्या शेंगेचे आहे. आरोपीला तिच्या बिया खायला घालायच्या, उलटी होऊन वाचला तर निर्दोष आणि मेला तर दोषी, असा तेथील अग्निदिव्यासारखा प्रकार होता. एडिंबरोचे विषतज्ज्ञ रॉबर्ट क्रिस्टिसन यांनी १८५५ मध्ये ही बी स्वतः चाखली आणि त्रास होऊ लागताच दाढीचे पाणी पिऊन उलटी करून घेतली. १८६४ साली त्या बीतून फायसोस्टिग्मिन वेगळे झाले. ते ऍसिटिलकोलिनएस्टरेज या विकराला (एन्झाइमला) अडवते. मज्जातंतूने स्नायूला दिलेला रासायनिक संदेश पुसून टाकणे हे त्या विकराचे काम असते, ते थांबले की संदेश साचत जातो. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, शेवटी श्वास बंद पडतो.

ही लक्षणे आपल्या जिल्ह्यातील डॉक्टरांना आणि कीटकनाशकाची फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांना सांगायला नकोत. ऑरगॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके नेमका हाच विकर अडवतात, आणि अशा विषबाधेचा रुग्ण दवाखान्यात आला की त्याला ऍट्रोपिन टोचतात, जे धोतऱ्याच्या झाडातही असते. कॅलाबारच्या त्याच बीने दुसरीकडे स्नायूंच्या मायस्थेनिया या आजारावर उपचाराचा मार्ग दाखवला, लंडनच्या डॉ. मेरी वॉकर यांनी १९३४ मध्ये फायसोस्टिग्मिन टोचून रुग्णाच्या स्नायूंत पुन्हा ताकद येते हे दाखवले. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना आज दिले जाणारे रिव्हास्टिग्मिन हे याच रेणूच्या धर्तीवर तयार केलेले आहे. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी त्या औषधाच्या वेष्टनामागे पश्चिम आफ्रिकेतील एका वेलीची शेंग आहे, हे जरूर लक्षात घ्यावे.

इथवरची उदाहरणे परक्या प्रयोगशाळांनी आफ्रिकेतील वनस्पतींवर केलेल्या कामाची झाली. आफ्रिकेतील संशोधकांनी आपल्या लोकांच्या रोगांवर स्वतः केलेले काम आपल्याकडे फारच कमी सांगितले जाते. सिकलसेल हा तेथील मोठा आजार. गडचिरोली, नंदुरबारसारख्या आपल्या आदिवासी जिल्ह्यांतही तो आहे आणि केंद्र सरकारने २०२३ मध्ये त्याच्या निर्मूलनाची मोहीम जाहीर केली आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते, एवढाच काय तो बदल. पण त्यामुळे प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब काड्या बनतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. अबुजा येथील नायजेरियाच्या राष्ट्रीय औषधनिर्माण संशोधन संस्थेने एका पारंपरिक वैद्याकडून मिळालेल्या औषध बनवण्याच्या पाठावर काम करून निप्रिसान हे औषध तयार केले. त्यातील चार घटक म्हणजे पश्चिम आफ्रिकी मिरीचे बी, एका झाडाचे खोड, लवंग आणि ज्वारीची पाने. शाळवाच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला यातला शेवटचा घटक तरी परका नाही. हा अर्क हिमोग्लोबिनच्या त्या काड्या बनण्यास अटकाव करतो, असे प्रयोगशाळेत दिसले आणि रुग्णांवरील सुरुवातीच्या चाचण्यांत वेदनेचे झटके कमी झाल्याचे आढळले. मोठ्या चाचण्यांची गरज मात्र शिल्लक राहिली.

पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. या औषधाचे हक्क झेकेम या अमेरिकी कंपनीला देण्यात आले, २००६ मध्ये नायजेरियात ते निकोसान या नावाने बाजारात आले आणि २००८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली. घटक देशातले, ज्ञान देशातले, संशोधन सरकारी पैशाचे, आणि उत्पादन मात्र एका परदेशी कंपनीच्या ताळेबंदावर अवलंबून, अशी ती रचना होती. सार्वजनिक संस्थेने औषध शोधले तर निदान पर्यायी उत्पादकाची सोय करारातच असावी, हा धडा आपल्या विद्यापीठांच्या पेटंट विभागांनी लिहून ठेवण्यासारखा आहे.

मादागास्करचे जीवरसायनतज्ज्ञ आल्बेर राकोतो रात्सिमामांगा यांनी १९५७ मध्ये अंतानानारिव्हो येथे उपयोजित संशोधन संस्था स्थापन केली. मंडूकपर्णी, जिला आपल्याकडे पुष्कळ लोक ब्राह्मी म्हणतात, तिच्यातील द्रव्यांपासून जखमेवरचे मादेकासोल हे औषध तयार करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. याच संस्थेने मधुमेहासाठी केलेले एक औषध जांभळाच्या बियांपासून बनते. जांभूळ आपले, बियांची पूड घेण्याची चाल आपली, आणि त्यावर चिकाटीने काम झाले ते हिंदी महासागरापलीकडच्या एका गरीब देशात, हे मला थोडे झोंबते. मॉरिशसमध्ये तर तेथील औषधी वनस्पतींची नोंद करण्यात हयात घालवलेल्या रसायनतज्ज्ञ अमीना गुरिब-फकीम २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्या. पुढे आर्थिक वादात त्यांना पद सोडावे लागले, तो भाग वेगळा.

मात्र मादागास्करच्या याच संस्थेचे नाव एप्रिल २०२० मध्ये वेगळ्याच कारणाने गाजले. कोरोनावर म्हणून एक काढा तेथे बाटल्यांत भरून वाटण्यात आला, राष्ट्राध्यक्षांनी तो सर्वांसमक्ष पिऊन दाखवला आणि शेजारच्या देशांनीही तो मागवला. त्यामागे रुग्णांवरील रीतसर चाचणीचा आधार नव्हता. त्या काढ्यात आर्टेमिसिया ही वनस्पती होती. हिवतापावरचे आर्टेमिसिनिन तिच्यापासूनच मिळते, आणि नेमके म्हणूनच तिचा काढा घरोघरी पिणे घातक ठरू शकते, कारण त्यातून द्रव्याची कमी-जास्त मात्रा पोटात जाते आणि अर्धवट मात्रेतून वाचलेले परजीवी औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेने असा वापर नाकारला आहे. २०२३ या एका वर्षात जगात हिवतापाने सुमारे ५ लाख ९७ हजार मृत्यू झाले, त्यांतील सुमारे ९५ टक्के आफ्रिकेत, आणि रवांडा व युगांडात आर्टेमिसिनिनला न जुमानणारे परजीवी आढळू लागले आहेत. ज्या खंडाला या औषधाची सर्वाधिक गरज, तिथेच त्याची धार बोथट होणे परवडणारे नाही.

असे काढे आपल्याकडेही कोरोनाच्या काळात घरोघरी उकळले गेले. त्यानंतर मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या अतिसेवनाशी संबंधित यकृतविकाराचे रुग्ण नोंदवले आणि आयुष मंत्रालयाने, ती खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असावी, असा आक्षेप घेतला. हा वाद एका साध्या गोष्टीने मिटला असता : रुग्णाने घेतलेल्या वेलीचा नमुना जपून ठेवला असता तर. आपल्या भागातील काविळीच्या औषधाचेही तेच. जिल्ह्यात काविळीचे झाडपाल्याचे औषध देणारी गावे आहेत, ठरावीक वारी तेथे रांगा लागतात, देणारी माणसे बहुधा पैसेही घेत नाहीत आणि त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु दूषित पाण्यातून होणारी बहुतेक कावीळ काही आठवड्यांत आपोआप उतरते, त्यामुळे औषध घेतले तरी आणि न घेतले तरी रक्तातील बिलिरुबिन, म्हणजे कावीळ दाखवणारे पिवळे द्रव्य, खाली येतेच. इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीची साथ आली तेव्हा माणसे दगावली, आणि या प्रकारची कावीळ गरोदर स्त्रियांना विशेष धोक्याची असते. कोणता रुग्ण आपोआप बरा होणारा आणि कोणता तातडीने रुग्णालयात न्यायचा, हे रक्ततपासणीनेच कळते. अशा गावांतील औषधाची चेष्टा करण्यापेक्षा, औषध घेण्यापूर्वी आणि नंतर तेथे येणाऱ्यांचे रक्त तपासण्याची सोय झाली, तर दोन पावसाळ्यांत पुष्कळ काही स्पष्ट होईल.

आता झाडांकडे वळतो. आफ्रिकेच्या डोंगराळ भागात पायजियम नावाचे एक झाड आहे. त्याच्या सालीचा अर्क वृद्ध पुरुषांच्या वाढलेल्या पौरुषग्रंथीच्या (प्रोस्टेटच्या) तक्रारींवर युरोपात १९६० च्या दशकापासून वापरात आला. या झाडाची साल समोरासमोरच्या दोन बाजूंनीच, पट्ट्यांत काढली तर ती पुन्हा भरून येते. पण मागणी वाढली तशी कॅमेरून आणि मादागास्करमध्ये झाडे पूर्ण सोलली गेली, तोडली गेली, आणि १९९५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणावे लागले. कलहारीतील सॅन लोक लांबच्या शिकारीत भूक मारण्यासाठी हूडिया हे निवडुंगासारखे झुडूप चघळत. दक्षिण आफ्रिकेच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने १९९० च्या दशकात त्यातील द्रव्याचे पेटंट घेतले, हक्क एका ब्रिटिश कंपनीमार्फत फायझरपर्यंत गेले, आणि ज्यांचे ज्ञान होते त्यांना कोणी विचारलेही नव्हते. वृत्तपत्रांतून हे उघड झाल्यावर २००३ मध्ये करार झाला आणि परिषदेला मिळणाऱ्या स्वामित्वधनातील सहा टक्के सॅन लोकांना देण्याचे ठरले. त्याच वर्षी फायझर बाजूला झाली, २००८ मध्ये त्यानंतर आलेल्या युनिलिव्हर कंपनीनेही अंग काढून घेतले. औषध झालेच नाही, त्यामुळे सहा टक्के कशाचे, हा प्रश्नच उरला नाही.

आपल्या जिल्ह्यात या दोन्ही गोष्टी एकाच झाडात एकत्र आल्या आहेत, ते झाड म्हणजे नरक्या. त्यातून मिळणारे कॅम्पटोथेसिन पेशीतील टोपोआयसोमरेज या विकराला अडवते आणि त्यापासून बनवलेली टोपोटेकान, इरिनोटेकान ही औषधे कर्करोगावर वापरली जातात. हे द्रव्य १९६६ मध्ये प्रथम एका चिनी झाडातून वेगळे करणाऱ्या दोघांपैकी एक, डॉ. मनसुख वाणी, हे आपल्या नंदुरबारचे. पुढे ते नरक्यातही सापडले आणि तेव्हापासून सह्याद्रीतील नरक्या रात्रीतून तोडून, तुकडे करून, पोत्यांतून बाहेर जात आला आहे. पोते पकडल्याची बातमी येते. ते कोणाकडे चालले होते, याची बातमी सहसा येत नाही. तोडणाऱ्याला मजुरी मिळते आणि गुन्हाही त्याच्याच नावावर लागतो. ज्या धनगरवाड्यांच्या आसपास हे झाड वाढते तेथील लोकांना त्यातून काही मिळाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

जैवविविधता कायदा २००२ पासून आहे, त्याखाली गावोगावी व्यवस्थापन समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या असणे अपेक्षित आहे. २०२३ च्या दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष वैद्यांना आणि ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना मिळालेला लाभ स्थानिक लोकांना वाटण्याच्या अटीतून सूट दिली. म्हणजे जे ज्ञान कोणत्याच ग्रंथात नाही, एखाद्या वाडीवरच्या म्हातारीलाच ठाऊक आहे, त्याला तरी संरक्षण उरले आहे. पण ते तिच्याकडून आले याची नोंद कोठे तरी असेल, तर. पुष्कळ गावांत ही नोंदवही एखाद्या कंत्राटी संस्थेने भरलेली आणि कपाटात ठेवलेली असते.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र विभागांनी पश्चिमेकडील तालुक्यांतील अशा समित्यांशी लेखी करार करून, औषध म्हणून वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक वनस्पतीचा वाळवलेला नमुना क्रमांकासह जतन करावा. माहिती देणाऱ्या व्यक्तीचे वा वाडीचे नाव तिच्या संमतीने त्या नमुन्याशी जोडावे आणि त्यानंतरच अर्क काढायला घ्यावा. नरक्याची रोपवाटिका वन विभागाने खाजगी मालकीच्या डोंगरउतारांसाठी खुली करावी आणि लागवडीच्या झाडाची फांदी वा पाने विकण्याचा परवाना सुटसुटीत करावा. जंगलातले झाड वाचायचे असेल, तर बांधावरचे झाड कायदेशीर रीतीने विकता आले पाहिजे. काविळीच्या औषधाविषयी वर सुचवलेली तपासणी कोल्हापुरातील सी. पी. आर. रुग्णालय आणि जिल्ह्यातील आयुर्वेद महाविद्यालये यांनी मिळून हाती घेण्यासारखी आहे, आणि तिला फार मोठा निधीही लागणार नाही.

आपल्या दैनिकाकडे मागणे एवढेच की, वनस्पतीच्या संशोधनाची बातमी देताना बातमीदाराने संशोधकाला पुढील गोष्टी विचाराव्यात : प्रयोग बशीत झाला, उंदरावर झाला की माणसावर, मात्रा किती होती, वनस्पतीचा नमुना कोठे जतन केला आहे, आणि ती कोणाच्या रानातून, कोणाच्या सांगण्यावरून आणली. उत्तरे मिळाली तर ती बातमीत छापावीत, न मिळाल्यास तसे छापावे.

कळावे,

आपला विश्वासू,
जीवरसायनशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक,
राजारामपुरी, कोल्हापूर